‘बीटा’ची पाटी कधी उतरवू?

*पत्र*

नमस्कार ताई,

मी नाशिकला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात एका मित्राबरोबर एक ओपन सोर्स टूल सांभाळतो. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे सुरेख-योगेश अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा प्रमाण रूपात, आणायचा, एवढंच त्याचं काम. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय. साप्ताहिकं, छोटे प्रकाशक, दोन-तीन ग्रंथालयं वापरतात. पहिली आवृत्ती नियमांवर नियम चढवत वाढली होती. एक चूक काढली की दुसरी उगवायची. शेवटी आम्ही सगळं नव्याने लिहिलं. नवी आवृत्ती जुनीपेक्षा कितीतरी बरी आहे. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं यांत चुका फारच कमी. पण वर्ड फायलींतले तक्ते आणि तळटीपा तिला अजून जमत नाहीत, आणि एका फॉन्टच्या काही खुणा ओळखायच्या राहिल्यात.

अडचण अशी की रीडमीत (टूलच्या माहितीपानात) आम्ही बरेच दिवस ‘बीटा’, म्हणजे ‘अजून चाचणीतली’, असं लिहून ठेवलंय, त्यामुळे कुणी नवीला हात लावत नाही. सगळे जुनीच वापरतात आणि जुनीच्याच चुका कळवतात. मित्र म्हणतो, ‘बीटा काढ, २.० जाहीर कर, जुनी बंद करून टाक, झक मारत येतील.’ मी म्हणतो थांबू. त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी नवी वापरली, लेखाच्या तळटीपा गायब झाल्या आणि त्यांनी आम्हाला ईमेलवर चांगलंच सुनावलं. ग्रंथालयवाले विचारतात, ‘किती टक्के तयार आहे?’ काय सांगू?

— एक वाचक, नाशिक

*उत्तर*

नमस्कार.

तुमच्या मित्राची तक्रार रास्त आहे, उपाय मात्र घातक आहे. आणि तुमचं ‘थांबू’ हेही उत्तर नव्हे, कारण थांबून होणार काय? कुणी वापरत नाही म्हणून चुका कळत नाहीत, चुका कळत नाहीत म्हणून तुम्हाला भरवसा वाटत नाही, आणि भरवसा वाटत नाही म्हणून पाटी उतरत नाही.

आधी त्या पाटीचं बघू. ‘बीटा’ म्हटल्याने तुम्ही घाबरलेले आहात एवढंच वाचणाऱ्याला कळतं. त्याच्या फायलीचं काय होणार, हे कळत नाही. जीमेलवर २००४ पासून २००९ पर्यंत ‘बीटा’ लिहिलेलं होतं आणि लोक त्याच पत्त्यावरून नोकरीचे अर्ज पाठवत होते. रिअ‍ॅक्टचंही तसंच. ०.१४ या आकड्यावर असताना वेबसाइटी बांधायची ही तयार कोडची लायब्ररी मोठमोठ्या कंपन्यांच्या रोजच्या कामात होती. २०१६ साली त्यांनी पुढची आवृत्ती थेट १५.० म्हणून काढली, कारण आकड्याच्या सुरुवातीचं शून्य बघून लोकांना ती कच्ची वाटे. म्हणजे पाटी आणि आतला माल यांचा मेळ असतोच असं नाही, हे लोकही शिकून बसलेत. ज्याला वापरायचंय तो पाटी असूनही वापरतो. ज्याला भीती वाटते त्याला ‘स्थिर’ असं लिहिलेलं दिसलं तरी वाटते.

टक्क्यांचंही तसंच. नव्या पुलावर ‘पूल ८० टक्के पक्का’ अशी पाटी कधी पाहिलीत का? ‘अवजड वाहनांना बंदी’ अशी असते. दुचाकीवाला ती वाचून निर्धास्त पुढे जातो, ट्रकवाला जुन्या पुलाकडे वळतो, आणि दोघांनाही इंजिनिअरला काही विचारावं लागत नाही. तुमच्या ग्रंथालयवाल्यांना टक्के नकोच आहेत. ‘आमच्या सूचीची फाइल यात घालू का?’ एवढंच त्यांना विचारायचंय. त्या सूचीत तक्ते असतील तर उत्तर ‘नको’, नुसता सलग मजकूर असेल तर ‘खुशाल’. एकाच आवृत्तीबद्दल एकाच दिवशी ही दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि म्हणूनच एका शब्दात ती मावत नाहीत.

आता मित्राच्या उपायाकडे येते. केडीईची गोष्ट तुम्ही दोघांनी ऐकली असेलच, पण पुन्हा ऐका, कारण ती जवळजवळ तुमचीच आहे. लिनक्सवरच्या या डेस्कटॉपची ३.५ ही मालिका लोकांच्या हाताला बसलेली होती. ११ जानेवारी २००८ ला ४.० आली. आतून बहुतेक सगळं नवं होतं: खाली खिडक्या-बटणं काढणारं क्यूटी ४, वर प्लाझ्मा नावाचा कोरा डेस्कटॉप. लिहिणाऱ्यांच्या लेखी ४.० म्हणजे ‘पाया झाला, आता अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनी यावं’ अशी हाक होती. आवृत्ती जाहीर केल्याशिवाय अ‍ॅप्लिकेशनं लिहिणारे इकडे वळणार नाहीत, आणि ते वळल्याशिवाय डेस्कटॉप पुरा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या मित्राचा हाच मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही.

त्यांनी काही लपवलंही नव्हतं. प्रकल्पातल्या लोकांनी आपापल्या लेखनात सांगितलं होतं की ४.० ही मालिकेची सुरुवात आहे, ३.५ ची जागा ती आजच घेणार नाही. पण त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात गूगलच्या आवारात तिचा मोठा प्रकाशन सोहळा झाला, आणि आकडा होता ४.०. लिनक्सची डिस्ट्रिब्युशनं, म्हणजे बसवायला तयार संच, बांधणाऱ्यांनी आकडा पाहिला. मे २००८ मध्ये त्यांतलंच फेडोरा ९ आलं तेव्हा त्यात केडीई म्हणजे ४.० च होतं. ज्याने काल फेडोरा नवं करून घेतलं त्याला सकाळी वेगळाच डेस्कटॉप दिसला. खालची पट्टी हवी तशी बदलता येईना, नेहमीच्या सोयी सापडेनात. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सनेही केडीई सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप धरला आणि २००९ च्या एका मुलाखतीत तसं सांगितलं. सर्वसाधारण वापरणाऱ्यांना ‘आता या’ असं प्रकल्पाला स्वतःला म्हणता आलं ते ४.२ ला, जानेवारी २००९ मध्ये. तोवर जायचं ते नाव गेलं होतं. ३.५ वर जीव असलेल्या काहींनी तीच ट्रिनिटी नावाने पुढे चालवली, आणि ती अजून चालू आहे.

पुढे वर्षानुवर्षं दोन बाजू भांडत राहिल्या. प्रकल्पवाले म्हणत, डिस्ट्रिब्युशनवाल्यांनी घाई केली. ते म्हणत, तुम्ही ४.० लिहिलंत, आम्ही काय समजायचं? मला विचाराल तर केडीईवाले जे सांगत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आकडा गावोगाव गेला, खुलासा घरीच राहिला. आवृत्तीचा आकडा प्रोग्रॅम वाचतात, पॅकेज बांधणारे वाचतात, घाईत असलेला माणूस वाचतो. रीडमीतला तिसरा परिच्छेद यांपैकी कुणीच वाचत नाही. तेव्हा आकड्याने एक म्हणायचं आणि मजकुराने दुसरं, असं झालं की मजकूर हरतो.

मग जाहीर न करता लोकांना बोलवायचं कसं? हा पेच मला वाटतं वेबसाठीच्याच व्ह्यू.जेएस या लायब्ररीने सगळ्यांत चांगला सोडवला. व्ह्यू ३ ही १८ सप्टेंबर २०२० ला रीतसर बाहेर पडली. बीटा नाही, काही नाही, सरळ ३.०. पण एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून उतरवतात तिथे) नुसतं ‘व्ह्यू’ मागणाऱ्याला तरीही दुसरी मालिकाच मिळत होती. तिसरी हवी असेल तर नावापुढे ‘नेक्स्ट’ असं आपल्या हाताने लिहावं लागे. गाभा तयार होता. पण भोवतालची साधनं, नवी मार्गदर्शिका आणि लोक ज्यांच्यावर विसंबतात त्या इतरांच्या लायब्रऱ्या मागे होत्या, आणि हे संघाला ठाऊक होतं. जवळजवळ दीड वर्ष त्यांनी हे असंच चालू दिलं. मग ७ फेब्रुवारी २०२२ ला नुसत्या ‘व्ह्यू’चा अर्थ ‘तिसरी’ असा केला. तेही आधी सांगून, आणि आवृत्तीचा आकडा न लिहिता सीडीएनची (इंटरनेटवरून थेट फायली पुरवणाऱ्या सेवेची) लिंक वापरणाऱ्यांना ‘तुमची पानं मोडतील, आकडा लिहून घ्या’ असं बजावून. त्याच वर्षी जुलैत जुन्या मालिकेला २.७ दिली, तिच्यात तिसरीतल्या काही सोयी मागे आणून ठेवल्या, आणि ३१ डिसेंबर २०२३ ही दुसरीची शेवटची तारीख ठरवली. ती पाळलीसुद्धा.

यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ‘ही आवृत्ती आम्ही पुरी केली’ ही एक, आणि ‘काही न बोलणाऱ्यालाही आता हीच मिळेल’ ही दुसरी. तुमच्या वादात या दोन्ही एकच धरल्या गेल्यात. मित्राला पहिली हवी आहे, तुम्हाला दुसरीची भीती आहे. पहिली करून टाका, दुसरी लांबवा. भांडण तिथेच संपेल.

पायथनमध्ये ही सोय तुम्हाला आयती मिळते. पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारावर) आवृत्ती २.०आरसी१ (आरसी म्हणजे प्रकाशनाची उमेदवार) अशा नावाने चढवलीत, तर पिप (पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) ती आपणहून कुणाला देत नाही. ‘--प्री’ लिहून किंवा नेमका आकडा सांगून मागणाऱ्यालाच देतो. बाकीच्यांना १ चीच शेवटची मिळत राहते. म्हणून जपायचा दिवस पाटी उतरवण्याचा नाही. ज्या दिवशी तुम्ही साधं ‘२.०’ चढवाल, त्या दिवशी आकडा न बांधता पिपने टूल बसवणारा किंवा अपग्रेड करणारा प्रत्येक प्रेसवाला, काही न विचारता, तुमच्या नव्या आवृत्तीवर येऊन पडेल. तळटीपा जमेपर्यंत तो दिवस आणू नका. तोवर आरसी१, आरसी२ काढत राहा, आणि ‘बीटा’ हा शब्द मात्र आजच पुसा.

त्याच्या जागी काय लिहायचं? मी लिहिलं असतं ते असं. शब्द तुमचे घाला:

‘सलग मजकूर (लेख, कथा, कविता, बातम्या) असेल तर नवी आवृत्ती वापरा, आम्ही स्वतः तीच वापरतो. वर्डमधले तक्ते किंवा तळटीपा असतील तर अजून जुनीच वापरा. नवी त्या गाळते. अमुक फॉन्टमधल्या फायली नवीत घातल्या तर काही अक्षरं चौकोन म्हणून येतील. मूळ फाइलला कोणतीच आवृत्ती हात लावत नाही. जुनीतल्या मजकूर बिघडवणाऱ्या चुका आम्ही अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करू. नवे फॉन्ट तिच्यात येणार नाहीत.’

सहा-सात वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य वाचून कुणीतरी काहीतरी ठरवू शकतो. ‘आम्ही स्वतः तीच वापरतो’ हे खरं असेल तरच लिहा. खरं असेल तर हे एक वाक्य दहा विशेषणांच्या तोडीचं आहे. आणि हा मजकूर नव्या आवृत्तीच्या पानावर ठेवून थांबू नका. तिथे आलेला माणूस आधीच अर्धा तयार असतो. जुनीच्या रीडमीत, सगळ्यांत वर, पहिल्या ओळीपासून ठेवा. तुमचे वापरणारे तिथे उभे आहेत.

तिथेही सगळे पोचणार नाहीत, म्हणून जुनी आवृत्ती चालवताना एक ओळ दिसू द्या. हे करताना दोन खड्डे आहेत. पायथनमधली ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ (‘हे आता जाणार’ अशी सूचना) बहुतेक वेळा दिसतच नाही, ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. वापरणाऱ्यासाठी ‘फ्यूचर वॉर्निंग’ आहे. दुसरं म्हणजे ती ओळ एसटीडीईआरआरवर (चुका-सूचनांच्या वेगळ्या वाटेवर) छापा. एसटीडीआउटवर, म्हणजे मुख्य आउटपुटच्या वाटेवर, छापलीत आणि कुणी आउटपुट थेट फायलीत वळवत असेल, तर ‘नवी आवृत्ती वापरून पाहा’ हे वाक्य एखाद्या कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर छापून येईल. प्रूफ तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं तर कवी तुम्हाला शोधत येईल, ते वेगळंच.

आता टक्के विचारणाऱ्या ग्रंथालयाकडे परत जाते, कारण त्यांना देण्यासारखा आकडा तुम्ही मिळवू शकता. दोन-तीन वापरणाऱ्यांकडून जुन्या फायली मागा. त्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या खुल्या साठ्यात) टाकू नका. मजकूर त्यांच्या लेखकांचा आहे, परवानगी लागेल. दोन्ही आवृत्त्या दोन वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या एकमेकांत न मिसळणाऱ्या कप्प्यांत) बसवा, एकाच फायलीवर चालवा, आणि जिथे निकाल वेगळा येतो ते शब्द बाजूला काढा. मग लिहा: इतक्या पानांत इतके शब्द वेगळे आले, त्यांतले इतके जुनीने चुकवले होते, इतके नवीने. हा आकडा ग्रंथपाल स्वतःच्या शंभर पानांवर पडताळून पाहू शकतो. ‘८० टक्के’ तो पडताळणार कसा?

या तुलनेत तुम्हाला एक तिसरा ढीगही सापडेल, आणि तोच सगळ्यांत त्रासाचा आहे: दोन्ही बरोबर, पण वेगळे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य घ्या. पडद्यावर एकच दिसणारी ही आकृती युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेली सापडते. एक, ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. जुनी आवृत्ती एक प्रकार काढत असेल आणि नवी दुसरा, तर वाचणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. पण ज्या ग्रंथालयाने अर्धी सूची जुनीतून काढलीय आणि अर्धी नवीतून काढेल, तिथे ‘दुसऱ्या’ शोधल्यावर अर्धीच पुस्तकं सापडतील. कुणाला कारणही कळणार नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत आधीच पुरेसा गोंधळ असतो, त्यात ही भर नको.

अशा ठिकाणी ‘नवी अधिक शुद्ध आहे’ म्हणून भागत नाही. जुन्यासारखंच आउटपुट देणारा एक पर्याय नवीत ठेवा, आणि त्याची लाज वाटू देऊ नका. पायथन ३ ने हेच केलं. ३.० मध्ये ‘हा मजकूर युनिकोड आहे’ असं सांगणारं अवतरणाआधीचं ‘यू’ काढून टाकलं होतं, कारण आता सगळ्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) युनिकोडच होत्या, त्याची गरज काय? गरज ही होती की ज्यांना एकच कोड पायथन २ आणि ३ अशा दोन्हींवर चालवायचा होता त्यांचं त्याविना अडत होतं. २०१२ मध्ये ३.३ आली तेव्हा ते ‘यू’ परत घेतलं. ते काहीच करत नाही, नुसतं चालवून घेतलं जातं. पण त्याने वाट सोपी झाली.

जुनी बंद करण्याबद्दल. मित्राला सांगा की कुणी झक मारत येत नसतं. तुमची गिऱ्हाइकं कोण आहेत ते बघा: पानं लावायचा जुना पेजमेकर चालतो म्हणून एखाद्या प्रेसमध्ये अजून विंडोज एक्सपी असेल, तिथे कुणीतरी कधीकाळी तुमचं टूल बसवून दिलं असेल. तुम्ही बंद केलंत हे त्यांना कळणारसुद्धा नाही. उलट एक प्रश्न: तुमची नवी आवृत्ती त्या मशीनवर चालते तरी का? पायथन ३.४ नंतर एक्सपी सुटलं, ३.८ नंतर विंडोज ७ सुटलं. नवीला कमीतकमी कोणतं पायथन लागतं हे पॅकेजमध्ये नीट नोंदवलंत, तर फार जुना नसलेला पिप जुन्या पायथनवाल्याला आपोआप तुमची जुनी आवृत्तीच देईल. आणि रीडमीत पायथनच्या आकड्याबरोबर विंडोजचंही नाव लिहा, प्रेसमधल्या माणसाला तेच माहीत असतं.

पायपीआयवरून जुनी आवृत्ती काढून टाकायचा तर विचारही नको. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून अकरा ओळींचं एक पॅकेज काढलं गेलं आणि त्याच्यावर विसंबलेली जगभरची प्रोग्रॅम बांधायची कामं बंद पडली. तुमचं टूल ऑफलाइन चालतं, फाइल घेतं, फाइल देतं. त्याला पडून राहू देण्यात धोका फारसा नाही. बंद करायचं ते तुमचं लक्ष. ते कधी, याची तारीख द्या, आणि अशी द्या की पाळता येईल. पायथन २.७ ही २०१० मध्ये आली. तिचा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो २०१४ मध्ये पाच वर्षांनी पुढे ढकलला, आणि मग मात्र १ जानेवारी २०२० ही तारीख हलली नाही. त्या एप्रिलमध्ये एक शेवटची २.७.१८ देऊन दार लावलं. तारीख एकदा हलली तर लोक समजून घेतात. दोनदा हलली की कुणी कॅलेंडर बघत नाही. तुम्ही दोघं फावल्या वेळात काम करता, त्यामुळे वर्षभराची मुदत द्या, आणि ती साध्या २.० च्या दिवसापासून मोजा, आजपासून नको.

नवं नाव घ्यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. ब्यूटिफुल सूप या पायथन पॅकेजने चौथ्या आवृत्तीला पायपीआयवर वेगळं नाव दिलं, आणि दोन्ही एका मशीनवर सुखाने नांदल्या. मात्र जुन्या नावाने शोधणारे नवे लोक पुढेही जुन्याच पॅकेजपाशी जाऊन अडखळत राहिले. तुमचं टूल बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका जुन्या सूचनापत्रकातून पसरतं. त्या पत्रकातलं नाव बदलायला तुम्ही कुठे-कुठे जाणार? नाव तेच ठेवा. आणि आकडाही मोठा घेऊन ठेवू नका. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सहाव्या आवृत्तीची, पर्ल ६ ची, घोषणा २००० साली झाली, ती आली २०१५ च्या नाताळात, आणि मधली पंधरा वर्षं चांगलं चालू असलेलं पर्ल ५ उगाच ‘जाणारं’ म्हणून ओळखलं गेलं. शेवटी २०१९ मध्ये नव्या भाषेने राकू हे नाव घेतलं. तुम्ही ३.० मध्ये काय-काय येणार हे आत्ता बोललात, तर २.० कडेही कुणी वळणार नाही. तो मोह आवरा.

राहिले ते संपादक. त्यांना अजून उत्तर दिलं नसेल तर आजच द्या. खुलासा लांबवू नका. ‘ते बीटा होतं, रीडमीत लिहिलेलं होतं’ हे तर अजिबात नको. तळटीपा नवी आवृत्ती गाळते, हे आम्ही ठळक लिहायला हवं होतं, आता लिहिलं आहे, आणि त्या अंकासाठी जुनीच वापरा, एवढं पुरे. मग त्यांच्याकडून त्या लेखाची मूळ फाइल मागा, चाचणीसाठी. एवढ्या तळटीपा असलेला लेख तुम्हाला दुसरीकडे सहज मिळणार नाही. साधं २.० काढायचं ते दिवाळी होऊन गेल्यावर काढा. ऑगस्ट ते ऑक्टोबर अंकवाल्यांची पानं लागत असतात, तेव्हा जुनीतही काही बदलू नका. आणि पुढच्या वर्षी जूनपर्यंत तळटीपा जमल्या नाहीत, तर तेही त्यांना जूनमध्येच कळवून टाका.